शर्यतीच्या जुन्या गाडीची नक्कल : आधी पासिंग, मग पत्रेकाम

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा या रस्त्यांवरील गॅरेजमध्ये डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंग आणि इंजिनचे काम करणारे आपल्या समाजातील अनेक तरुण आहेत. हातात हुनर आहे, मेहनतीची तयारी आहे. अशा कारागिरांकडे कधी कधी एक वेगळे गिऱ्हाईक येते. ते म्हणते, जुनी गाडी देतो, तिची शर्यतीच्या जुन्या गाडीसारखी गाडी करून द्या. मजुरी नेहमीच्या कामापेक्षा चांगली असते, ॲडव्हान्सही मिळतो. फक्त ही गाडी रस्त्यावर कायदेशीर चालेल काय, हा प्रश्न कोणी सुरुवातीला विचारत नाही. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम ही शर्यतीची गाडी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत तिला ‘स्टॉक कार’ म्हणतात. आपल्या व्यापारात स्टॉक म्हणजे दुकानातील माल. तिथेही अर्थ फार वेगळा नाही : कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था स्थापन झाली आणि १९४९ मध्ये शार्लट शहरात तिची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली. त्या शर्यतीत पहिली आलेली फोर्ड गाडी तपासणीत बाद झाली, कारण तिच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला आढळला. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या लिंकन गाडीला गेले. म्हणजे ज्या गाड्यांची नक्कल आज लोकांना हवी आहे, त्यांच्या पहिल्याच शर्यतीत मूळ गाडीत केलेला बदल नडला होता.

आपल्या देशातही अशा शर्यती होत. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाटसारख्या साध्या घरगुती गाड्या धावत असत. ही फियाट मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होई. त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. पुढे १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी या नावाने विकली गेली. नकलेसाठी आपल्या भागात हाताशी येणारी गाडी म्हणजे हीच.

जुन्या शर्यतीच्या गाडीची नक्कल करून विकण्याचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झालेला आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या कंपनीने ‘रोडस्टर’ नावाची गाडी बनवली. मूळचे जर्मन असलेले गिडो बोथे यांचा हा उद्योग. गाडीचा घाट १९५७ च्या इंग्रजी लोटस सेव्हनचा. ती लोटस शर्यतीतही धावे आणि तीच चालवत माणूस घरीही जाई. अलिबागच्या गाडीला फायबरग्लासची बॉडी होती आणि इंजिन होते १.८ लिटरचे इसुझू, जे हिंदुस्तान मोटर्स कॉन्टेसामध्ये बसवत असे. घाट विलायती, इंजिन देशात मिळणारे, हा हिशेब चोख होता. पण आज कोणी तोच हिशेब मांडला तर जमणार नाही. एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाडीला बीएस-६ चे प्रदूषण नियम लागू आहेत. त्या काळचे इंजिन घातलेल्या नव्या गाडीची आता नोंदणी होत नाही.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून एक छोटी जीप तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये, आणि गाडी मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. वर्तमानपत्रांत कौतुक खूप छापून आले, पण आमच्या मते कारागिराने लक्षात ठेवायची गोष्ट महिंद्रांच्या त्या दुसऱ्या वाक्यात होती. प्रत्येक कारागिराला बोलेरो मिळत नसते.

कायदा काय म्हणतो? नवी गाडी बनवून विकायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या दोन संस्था, दोन्ही आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नाहीत. पण ही तपासणी कारखानदारासाठी आहे. ब्रेक, दिवे, धूर, धडक अशा एकेका चाचणीचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो, तेव्हा तो परवडतो. एकच गाडी बनवणाऱ्याने तो कोठून काढावा? ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एक गाडीही तपासून रस्त्यावर आणण्याची वेगळी व्यवस्था आहे. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात जुन्या गाड्यांच्या नकला करणाऱ्या लहान उत्पादकाला वर्षाला ३२५ गाड्यांपर्यंत सवलत दिली, मात्र इंजिन आजच्या प्रदूषण नियमांचेच हवे. आपल्याकडे असा सोपा रस्ता नाही.

म्हणून बहुतेक लोक जुनी, नोंदणी असलेली गाडी घेऊन तिच्यात बदल करतात. येथे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. रंग बदलणे किंवा किरकोळ वस्तू बसवणे चालते. छत कापणे, चेसिस लहान-मोठी करणे, बॉडी बदलणे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. डीलरला प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. गॅरेजवाले म्हणतील, आम्ही कुठे डीलर? याच कायद्याच्या व्याख्येत चेसिसवर बॉडी बांधणारा आणि गाडी दुरुस्त करणारा यांनाही ‘डीलर’ म्हटले आहे.

कोणी म्हणेल, ‘व्हिंटेज’ म्हणून पासिंग करून घेऊ. तोही गैरसमज आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यासाठीच बाहेर काढता येते.

मग करता काय येईल? चालू कागदपत्रांची पद्मिनी शोधावी. तिचे उत्पादन बंद होऊन पाव शतक झाले आणि मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, त्यामुळे शोध सोपा नाही. गाडीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावा. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद घेऊन ते दुसऱ्याच सांगाड्याला लावणे, नंबर घासून नवा ठोकणे, हा सरळ गुन्हा आहे. त्या कामाला कितीही पैसे मिळत असले तरी हात लावू नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ही फी १० हजार रुपये केली आहे, तीही हिशेबात धरावी.

त्यानंतर मूळचे १०८९ सीसीचे इंजिन तेच ठेवून नीट बांधावे, ब्रेक नवे करावेत, गंजलेला पत्रा मूळ आकारातच घालावा. शर्यतीचा देखावा रंगाने येतो : जुन्या पद्धतीचे पट्टे, दारावर गोल आणि त्यात आकडा. मात्र तो आकडा नंबरप्लेटशी घोटाळा होईल असा नसावा, आणि रंग बदलला की आरसीत नोंद करून घ्यावी. आतला लोखंडी पिंजरा शर्यतीत हेल्मेट घातलेल्या माणसासाठी असतो. रस्त्यावर उघड्या डोक्याला तोच मारक ठरतो. उघडा सायलेन्सर आणि मडगार्डबाहेर येणारी चाके गिऱ्हाईक हटकून मागते. दोन्हीला नकार द्यावा. परवानगीशिवाय केलेला बदल विमा कंपनीपासून लपवला तर अपघातानंतर भरपाईवर वाद होतो, आणि दुसऱ्याच्या जिवाची भरपाई मालकाच्या खिशातून वसूल होण्याची वेळ येऊ शकते.

शेवटी व्यवहाराबद्दल. वस्तू बनवून घेण्याच्या कराराला हनफी फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात आणि तो जायज आहे. किंमत आधी किंवा हप्त्याने घेता येते. अट एवढीच की वस्तूचे वर्णन आणि किंमत आधी निश्चित असावी. ठरल्याप्रमाणे माल नसेल तर तो घेण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही. आम्ही कापडवाले थानाची लांबी, पन्हा, वजन ठरवल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. येथे तर कलम, नंबर, फी सगळेच गुंतलेले आहे. तेव्हा कोणते काम करणार, कोणते करणार नाही, पासिंगचा खर्च कोणाचा, आरटीओने आक्षेप घेतला तर काम पूर्ववत कोणाच्या पैशाने होणार, हे ॲडव्हान्स हातात घेण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. गाडी पुढे विकली गेली तर केलेल्या कामाची यादी नव्या मालकाला मिळावी, हेही त्यातच लिहावे, कारण मालातला ऐब सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. त्या यादीची एक प्रत गॅरेजच्या फाइलीत ठेवावी.