बोअरचे पाणी तपासले का?

“डॉक्टर, पोरगा रोज दात घासतो, तरी डाग जात नाहीत,” अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, “पाणी कुठले पिता?” सगळेच डाग पाण्यामुळे पडत नाहीत, पण घरोघरच्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, तर फ्लोराईडची शंका घ्यावी.

खडकातील फ्लोराईड भूजलात विरघळते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांना हा त्रास आहे. रंग, वास, चव यांवरून ते कळत नाही. उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. टी.सी.एल. पावडरीने जंतू मरतात, फ्लोराईड राहतेच.

म्हणून तपासणी हवी. पंप थोडा वेळ चालू द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा, ठिकाण व तारीख लिहा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. शेजारच्या बोअरच्या अहवालावर विसंबू नका.

लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असल्यास हरकत नाही. दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्यापुढे ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. अंघोळीला, धुण्याभांड्यांना चालेल.

असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मान, कंबर, गुडघे आखडतात. हाडांचा हा बिघाड औषधाने भरून येत नाही. कायमचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत आतल्या आत घडत असतात. घरात लहान मूल असेल, तर बाटली याच आठवड्यात भरा.