जुना लॅपटॉप: डागडुजी की निरोप?

हौगांगच्या बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा जुना लॅपटॉप असतोच. टाकवत नाही आणि चालवतही नाही! मुलांच्या अभ्यासासाठी तोच दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हमखास निघतो. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ नव्हे. पण चार घरचे लॅपटॉप उघडून पाहिल्यावर जे कळले ते सभासदांपुढे ठेवतो.

आधी वय पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ढोबळमानाने २०१८ पूर्वीची यंत्रे त्यात बसत नाहीत. बँकेचे व्यवहार करायचे असतील तर अशा यंत्रावर पैसे घालू नयेत. नुसत्या लेखन-वाचनाला मात्र लिनक्स ही फुकट प्रणाली चालते.

यंत्र त्यानंतरचे असून आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने वेग लगेच जाणवतो. रॅम ४ जीबी असल्यास ८ करावी. पण अनेक पातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डलाच जोडलेली असते, बदलता येत नाही. म्हणून सिम लिम स्क्वेअरला जाताना मॉडेल क्रमांक टिपून न्यावा. खर्च नव्याच्या एक तृतीयांशावर गेला की हात आखडावा, हा आमचा ठोकताळा.

आता आमच्या विषयाकडे! लिथियम-आयन बॅटरी पडून राहिली तरी झिजते, उष्णतेत तर लवकरच. आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू साठला की ती फुगते. कीबोर्ड वर आला, टचपॅड दाबला जाईना, तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे. बॅटरी टोचू-दाबू नये; आग लागू शकते. तंत्रज्ञाला दाखवावे. कपाटातले यंत्र आजच खाली काढून पाहा.

कोणतेही काम करण्याआधी फोटोंच्या दोन प्रती काढाव्यात. बारशाचे फोटो आणि आजोबांचा आवाज दुकानात मिळत नाही.

निरोपच द्यायचा झाला तर डिस्क पुसावी आणि यंत्र ब्लॉकच्या कचऱ्याच्या शूटमध्ये टाकू नये. १ जुलै २०२१ पासून सिंगापुरात ई-कचऱ्याची वेगळी योजना आहे. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांना जुनी यंत्रे स्वीकारावी लागतात.

शंका असल्यास पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन यावे. फुगलेला मात्र नको! स्क्रू ड्रायव्हर आम्ही आणू.