मत तेच, पण पद्धत कोणती?

निवडणूक आली की वस्तीत एकच चर्चा : उमेदवार कोण? मत द्यायची आणि मोजायची पद्धत कोणती, हे कोणी विचारत नाही. पण हार-जीत पुष्कळदा तिथेच ठरते.

साधा हिशेब मांडू. मतदार १०००, जागा ३. त्यांत आपले ३००, समोरचे ७००.

तीन वेगळे वॉर्ड केले आणि आपण शंभर-शंभर विखुरलो, तर तिन्हीकडे हार.

तिन्ही जागांचा एकच मतदारसंघ केला, प्रत्येकाला तीन मते दिली, पण ती तीन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची, तर आपल्या माणसाला ३००, समोरच्या तिघांना ७००-७००. पुन्हा हार.

तिन्ही मते एकालाच देता आली, तर आपल्या माणसाला ९००. समोरची २१०० मते तिघांत वाटली, तर ७००-७००. आपला माणूस पहिला!

पसंतीक्रमाच्या पद्धतीत १, २, ३ असा क्रम लिहायचा. तीन जागांसाठी २५१ मतांचा कोटा. आपली ३०० पुरतात.

माणसे तीच, निकाल मात्र वेगळा.

बाबासाहेबांच्या बाबतीत काय घडले पाहा. १९३७ साली मुंबई प्रांतात सगळी मते एकाला देण्याची मुभा होती, ते जिंकले. १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने बंगालमधून पसंतीक्रमाने संविधान सभेत गेले. १९५२ च्या लोकसभेला उत्तर मुंबईत दोन जागा, दोन मते. दोन्ही एकाला दिली तर एक बाद. तिथे काजरोळकरांकडून सुमारे १४ हजारांनी पराभव झाला. त्याच वर्षी पसंतीक्रमाने ते राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याला पुन्हा दोन जागांची पोटनिवडणूक, पुन्हा हार. पक्षांची ताकद, हवा ही कारणे होतीच. पण पद्धतीचाही त्यात वाटा होता.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. पण २०१७ साली पुणे, नागपूर महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग होते. प्रत्येक जागेला वेगळे मत. चारही मते एकाला देण्याची सोय नाही. म्हणजे आपल्या हिशेबातली दुसरी पद्धतच!

म्हणून बंधू-भगिनींनो, प्रभागरचनेचा मसुदा जाहीर होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा गप्प बसू नका. नकाशा पाहा, वस्ती कुठे तुटली ते तपासा, मुदतीत अर्ज द्या. प्रचार नंतर, हिशेब आधी.