माळ्यावरची कॅसेट : जुने व्हिडिओ गेम आतून कसे होते आणि ते का जपायचे

बेळगाव असो, इंदूर असो, बडोदा असो की पुणे, जिथून ऐकत किंवा वाचत असाल तिथून आज मला थोडी मदत हवी आहे. कसली, ते शेवटी सांगतो.

आजचा विषय जुने व्हिडिओ गेम. काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, तुमच्या वयाला हे शोभतं का? त्यांना एवढंच सांगतो की फौजी क्वार्टर्समध्ये राहिलेल्या कुटुंबांना हे नवं नाही. नव्वदच्या दशकात दर दोन-तीन वर्षांनी बदली व्हायची. काळ्या ट्रंका भरायला काढल्या की मुलं सगळ्यात आधी टीव्ही गेम आणून ठेवायची. नव्या छावणीत पहिला मित्र मिळायचा तो बहुतेक वेळा दुसऱ्या रिमोटमुळे. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर दुसरा रिमोट माझ्या हातात असायचा, आणि ती आवड निवृत्तीनंतरही टिकली.

हे यंत्र आलं कुठून?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत तेच १९८५ मध्ये वेगळ्या खोक्यात एनईएस या नावाने आलं. आपल्याकडे मात्र बहुतेक घरांत मूळ यंत्र आलंच नाही, त्याच्या नकला आल्या. खोक्यावर कधी मीडिया, कधी लिटल मास्टर, तर कधी टर्मिनेटर असं नाव असायचं. सेगाची यंत्रं शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात येत होती, पण मध्यमवर्गाच्या खिशाला परवडायची ती नक्कलच. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि इथे बेंगळुरूत एसपी रोड अशा बाजारांत ती मिळायची. गेमच्या कार्ट्रिजला आपण सगळे सरळ 'कॅसेट' म्हणायचो.

त्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. लाखो गेम? छे! मूळ गेम मोजकेच. तेच पुन्हा पुन्हा, कधी तिसऱ्या पातळीपासून सुरू, कधी पाचव्या, आणि यादीत प्रत्येकाला वेगळं नाव. मुलं दोन दिवसांत हे ओळखायची आणि तरी खेळत राहायची, कारण ते मोजके गेम खरोखर चांगले होते.

दोन किलोबाइटचं गणित

चांगले का होते हे समजायला यंत्राची ताकद बघा. त्यातल्या प्रोसेसरचा वेग दोन मेगाहर्ट्झच्याही आत होता. खेळ चालू असताना लागणाऱ्या गोष्टी लक्षात ठेवायला स्मृती होती फक्त २ किलोबाइट. आपल्या देवनागरी मजकुरात मोजलं तर एका पोस्टकार्डावर मावेल एवढीच. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम, बत्तीस टप्पे आणि संगीतासकट, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. रोज सकाळी फोनवर येणारं 'शुभ सकाळ'चं चित्र सहसा याहून मोठं असतं.

हे बसवलं कसं? मारिओतला ढग आठवा आणि जमिनीवरचं झुडूप आठवा. दोन्हींचा आकार एकच आहे! एका ठिकाणी पांढरा रंग, दुसऱ्या ठिकाणी हिरवा. एक चित्र साठवलं आणि दोन कामांना वापरलं.

दुसरं उदाहरण. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हे यंत्र एका वेळी आठच हलती चित्रं दाखवू शकायचं. त्याहून जास्त शत्रू एका ओळीत आले की काही चित्रं दिसेनाशी व्हायची, म्हणून गेम बनवणारे त्यांना आळीपाळीने दाखवायचे. आपल्याला वाटायचं, कॅसेट खराब आहे, चित्र फडफडतंय. खरं तर आठांच्या जागेत दहा जणांची ती पाळी लावलेली असायची. तुटपुंज्या साधनांत मोहीम आखायची सवय असलेल्या माणसाला हे बघून आनंदच होतो.

आता माझे आवडते पाच गेम.

१. बॅटल सिटी, म्हणजे आपला 'टँक'

नामको कंपनीचा १९८५ चा गेम. खाली मध्यभागी गरुडाचं चिन्ह, हे आपलं ठाणं. भोवती विटांची भिंत. वरच्या बाजूने शत्रूचे रणगाडे येतात, प्रत्येक टप्प्यात वीस. विटा फुटतात, पोलाद साध्या गोळ्याने फुटत नाही, पाण्यातून रणगाडा जात नाही पण गोळा जातो, झाडीखाली रणगाडा दिसत नाही, बर्फावर घसरतो. म्हणजे जमीन कशी आहे हे वाचता आलं पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. तुमचे कितीही रणगाडे शिल्लक असोत, गरुड गेला की खेळ संपला. आणि तो तुमच्या स्वतःच्या गोळ्यानेही जातो. दोघे खेळताना जोडीदाराला गोळा लागला तर तो काही क्षण जागीच थिजतो, शत्रूसमोर उघडा. आठ-दहा वर्षांची मुलं एकमेकांना ओरडून सांगायची, 'तू डावी बाजू सांभाळ, मी ठाण्यापाशी थांबतो.' सैन्यात आम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकतो : काम कोणतं ते विसरू नका आणि गोळी कुठे जाते ते बघा.

रणगाड्यांच्या गेमचा खऱ्या सैन्याशीही संबंध आला आहे. अटारीचा १९८० चा 'बॅटलझोन' बघून अमेरिकी लष्कराला वाटलं, ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या तोफचालकांच्या सरावाला हे चालेल. तशी आवृत्ती बनवलीही गेली. ती बनवणारे एड रॉटबर्ग यांना मात्र ते काम मनातून पटलं नव्हतं.

२. डक हंट

बंदुकीने बदकं मारायचा, १९८४ चा गेम. बंदुकीतून टीव्हीकडे काहीच जात नाही, ही यातली गंमत. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक संवेदक असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. संवेदकाला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. अंधार आधी कशाला? कोणी बंदूक घरातल्या बल्बकडे धरून फसवू नये म्हणून.

हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात घडतं. जुना काचेच्या नळीचा टीव्ही सिग्नल आला की तत्क्षणी चित्र काढतो. आजचा सपाट टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची वेळ टळते. म्हणून जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही, आणि दुकानदार म्हणतो 'खराब झाली'. खराब ती नसते, तिचा जोडीदार टीव्ही भंगारात गेलेला असतो.

३. कॉन्ट्रा

कोनामीचा गेम, १९८७ मध्ये नाण्याच्या यंत्रावर आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर आला. तीन जीव, आणि एक गोळी लागली की एक गेला. धबधब्याचा टप्पा आठवतो? दोघे वर चढत असतात. एक जण घाईने पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला मरतो. या टप्प्यावरून किती भावंडांची भांडणं झाली असतील!

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. हे बटणांचं मंत्रपठण केलं की तीस जीव मिळायचे. हा संकेत मूळ कॉन्ट्रासाठी नव्हता. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळायचा, आणि गेम भलताच अवघड. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा चोरदरवाजा ठेवला, आणि तो गेममध्येच राहून गेला. हाशिमोतो २०२० मध्ये गेले.

४. पॅक-मॅन

तोरू इवातानी यांचा १९८० चा गेम. चार भुतं सारखीच दिसतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. लाल भूत थेट पाठलाग करतं. गुलाबी तुमच्या थोडं पुढच्या जागेवर जाऊन वाट अडवतं. निळं, लाल भूत कुठे आहे ते पाहून आपली दिशा ठरवतं. नारिंगी जवळ आलं की पाठ फिरवून आपल्या कोपऱ्यात पळतं. एक पाठलागावर, एक दबा धरून, एक साथीदाराच्या हालचालीवर लक्ष ठेवून, एक बेभरवशाचं. साध्या चार नियमांतून घेराव तयार होतो.

या गेमला शेवट ठेवलेलाच नव्हता, तरी शेवट आहे. पातळी मोजायला एकच बाइट ठेवला होता, आणि एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो. २५६ वी पातळी आली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चित्रांच्या खिचडीने भरतो, आणि पुढे जाता येत नाही.

५. टेट्रिस

१९८४, मॉस्को. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी हा गेम ज्या संगणकावर लिहिला त्यावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी कंसाची चिन्हं जोडून ठोकळे बनवले. सात आकार, एवढाच माल. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला, आणि आपल्याकडे जत्रेत आणि फुटपाथवर मिळणाऱ्या 'ब्रिक गेम'मधून घराघरात आला. आमच्या पिढीच्या कितीतरी गृहिणींनी आयुष्यात खेळलेला एकमेव व्हिडिओ गेम हाच असेल.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा १९८९ चा निन्टेन्डो टेट्रिस खेळत १५७ व्या पातळीपर्यंत पोहोचला आणि गेमच थिजला. चौतीस वर्षांत हा गेम कोणा माणसाकडून तिथवर नेला जाण्याची ही पहिलीच नोंद. म्हणून जुना गेम म्हणजे संपलेला गेम, असं समजू नका.

आता मुद्द्याचं

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. जिथे कंपन्या आहेत, संग्रहालयं आहेत, तिथली ही अवस्था.

आपलं काय? मारिओ जपायला निन्टेन्डो आहे, कॉन्ट्रा जपायला कोनामी आहे. पण '९९९९९९९ इन १' ही कॅसेट, तिची ती गमतीदार यादी, रंगीत खोका, हिंदी-इंग्रजी मिसळलेली माहितीपत्रिका, हे कोण जपणार? नकलेचा वारस कोणी नसतो. कोणतीही कंपनी ते पुन्हा काढणार नाही. आणि भारतातल्या एका पिढीचं संगणकाशी पहिलं नातं त्याच नकलेवर जुळलं. याच बेंगळुरूत १९९७ मध्ये राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही गेम बनवणारी कंपनी सुरू केली, आणि २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली. आज या शहरात गेम बनवणारे तरुण आहेत, पण आपण कुठून सुरुवात केली याचा पुरावा मात्र तुमच्या-आमच्या माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो जाईल.

म्हणून पाच कामं सांगतो.

एक, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने धातूचे संपर्क गंजतात. कानकाडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.

दोन, अडॅप्टर बदलताना नुसते व्होल्ट बघू नका, अधिक-उण्याची खूण पण जुळवा. ती उलटी असेल तर यंत्र जळू शकतं. फुगलेला किंवा वास येणारा अडॅप्टर टाकून द्या.

तीन, ब्रिक गेम किंवा रिमोटमधले जुने सेल आजच काढा. त्यातून गळणारा द्रव आतली पट्टी खाऊन टाकतो.

चार, जुना नळीचा टीव्ही चालू असेल तर विकू नका, डक हंट त्याशिवाय नाही. मात्र त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद टीव्हीतही जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

पाच, आणि हे सगळ्यात सोपं. खोका, कॅसेटचं लेबल, पडद्यावरची यादी आणि बिल असेल तर तेही, या सगळ्याचे फोटो काढा. सोबत चार ओळी लिहा : कोणत्या गावात घेतलं, कोणत्या साली, किती रुपयांना, घरात कोण खेळायचं. यंत्र एक दिवस बंद पडणारच, या चार ओळी राहतील.

मघाशी मदत मागितली होती ती हीच. या रविवारी माळ्यावर चढा. सापडलं तर फोटो काढा, आणि नातवंडांना शेजारी बसवून एक डाव 'टँक' खेळा. दुसरा रिमोट त्यांच्या हातात द्या, आणि ठाणं कोण सांभाळणार ते आधी ठरवा.

पुढच्या भागात नकाशा वाचायच्या गोष्टी बोलू. तोवर रजा घेतो. जय हिंद.