वाटी रिकामी परतत नाही

मुलुंडमध्ये एकाच जिन्यावर मराठी, कच्छी, गुजराती, तमिळ घरं सहज सापडतात. दिवाळीत चकली-करंजीचं ताट शेजारी जातं, तिकडून मठिया आणि घूघरे येतात. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. देणं-घेणं त्यामुळे कधी मिटतच नाही, आणि ते मिटू नये असंच मला वाटतं.

वारकऱ्यांनी हे फार आधी ओळखलं. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. पोहे, लाह्या, दही एकत्र कालवलं की कुणाच्या शिदोरीतलं काय, हे सांगता येत नाही.

अन्नाने माणसं जवळ येतात, म्हणूनच तर जातीजातींत रोटीबंदी होती. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्या. रानडे आणि लोकमान्य टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे धर्मबाह्य वर्तनाचा खटला, आलं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कपाची एवढी धास्ती!

एकत्र खाण्याने खरंच जवळीक होते का, यासाठी अमेरिकेत केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. एकमेकांना अनोळखी असलेल्यांच्या जोड्यांना चिप्स-साल्सा देऊन मालक-कामगारांच्या पगाराच्या वाटाघाटींचा खेळ खेळवला. एकाच भांड्यातून खाणाऱ्यांचा लुटुपुटीचा संप सरासरी 9 दिवसांत मिटला. वेगळी भांडी असणाऱ्यांना 4 दिवस जास्त लागले.

आपल्याकडे हे रोज भेटणाऱ्या अनोळखी माणसांतही दिसतं. लोकलच्या डब्यात दसऱ्याच्या सुमाराला तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. नव्या प्रवाशाच्या हातावरही एक ठेवला जातो.