शुश्रूषा करणारीं माणसें

शाळेच्या नोंदवहींत प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईबापांचा व्यवसाय लिहावा लागतो. जून महिन्यांत हा तक्ता भरीत असतां एका विद्यार्थिनीनें आईच्या व्यवसायाचा रकाना कोराच ठेवला. विचारलें तेव्हां म्हणाली, "आई घरींच असते." पुढें पालकसभेच्या दिवशीं कळलें कीं, तिची आई आठवड्यांतील सहा रात्रीं घरीं नसते, कुडाळच्या बाजूस असलेल्या एका वृद्धाश्रमांत ती रात्रपाळी करते. मुलीस आम्हीं दोष दिला नाहीं. ज्या कामाचें नांव लोक खालच्या आवाजांत घेतात, तें तिनें भर वर्गांत कसें सांगावें? परंतु हें काम आहे तरी काय, तें वाचकांपुढें मांडावें असें त्याच दिवशीं मनांत आलें, आणि त्या बाईंच्या संमतीनें व व्यवस्थापकांच्या परवानगीनें आम्ही दोन रात्रीं तेथें बसून आलों.

आपल्या जिल्ह्यांत या कामाची गरज वाढत जाणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्याचें विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला व पुढें त्याचें मुख्य ठाणें आपल्या ओरोसला आलें. २००१ सालच्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ सालीं ती ८,४९,६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असतां आपली घटली. याचें कारण घरोघर ठाऊक आहे. मुलगा शिकतो आणि मुंबईची, पुण्याची किंवा गोव्याची वाट धरतो. गणपतीस येतो, शिमग्यास येतो. बाकीचे दिवस घराच्या पडवींत आजी आणि खळ्यांत आजोबा. पूर्वीं पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई, आतां पैसे मोबाइलवरून बँकेंत जमा होतात. पण आजी अंथरुणाला खिळली म्हणजे तो पैसा तिला कुशीवर वळवूं शकत नाहीं. त्याला दोन हात लागतात, आणि तेही शिकलेले.

कुडाळ तालुक्यांत अणावचा आनंदाश्रय आहे, पणदूरचा संविता आश्रम आहे. कणकवली तालुक्यांत असलद्याचा दिविजा वृद्धाश्रम आहे. हीं नांवें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, वाढदिवसानिमित्त तेथें जेवण देतों, छायाचित्र काढतों. तें वाईट नव्हे. परंतु त्या छायाचित्रांत ताट वाढणारा देणगीदार असतो. पहांटे चार वाजतां चादर बदलणारी बाई सहसा नसते.

आतां त्या चादरीविषयींच सांगतों. आम्ही बसलों होतों त्या दालनांत नऊ खाटा होत्या, पैकीं चार वृद्धांस स्वतः कूस बदलतां येत नव्हती. रात्रीं दहा, बारा, दोन, चार, सहा अशा वेळीं त्या बाई व त्यांचे एक सहकारी, ज्यांस सर्व जण मामा म्हणतात, त्या चौघांस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवीत. आम्हांस प्रथम वाटलें, झोपलेल्या माणसास उगीच कां त्रास द्यावा? त्याचें उत्तर शरीरशास्त्रांत आहे. निरोगी माणूस झोपेंतही पुनःपुन्हां हालतो. ज्यास हालतां येत नाहीं त्याच्या माकडहाडावर, टांचांवर, कमरेच्या हाडावर व खांद्याच्या फऱ्यांवर साऱ्या देहाचा भार एकाच जागीं पडतो. हाड आणि गादी यांच्यामध्यें कातडी चेपली जाते, तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि कांहीं तासांतच आंतील मांस मरूं लागतें. वरून फक्त एक लालसर डाग दिसतो. तो बोटानें दाबला असतां पांढुरका होऊन पुन्हां लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर इजा सुरू झाली असें समजावें. सांवळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाहीं, म्हणून बाई हाताच्या पाठीनें चांचपून पाहात. ती जागा आजूबाजूपेक्षां ऊन किंवा टणक लागते काय, एवढें त्यांस पुरे. अंथरुणांतील जखम एकदां खोल गेली कीं ती भरून यावयास महिने लागतात, आणि तीच पुष्कळदां मृत्यूचें कारण होते. ओल्या चादरीनें हें सारें लवकर घडतें. म्हणून चार वाजतां चादर बदलावयाची.

वळविण्याचीही रीत आहे. माणसास ओढावयाचें नाहीं. ओढल्यानें कातडी सोलवटते. पाठीखालीं आडवी घातलेली चादर दोघांनीं दोन बाजूंनीं धरावयाची, "आजी, आतां खिडकीकडे वळायचं हं," असें आधीं सांगावयाचें, मग एका ठेक्यांत उचलावयाचें. सांगितल्याशिवाय हात लावावयाचा नाहीं, हा मामांचा नियम. "झोपलेल्याला एकदम उचललं तर तो घाबरून आपलाच हात पकडतो, आणि मग दोघंही पडतात," असें ते म्हणाले. पहांटे ज्यांस उठवून बसवावयाचें त्यांचे पाय खाटेखालीं सोडून कांहीं मिनिटें तसेंच बसवितात. उतारवयांत एकदम उभें राहिलें असतां रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि ओल्या न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडतें. पालकांनीं हें लक्षांत ठेवावें. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यांत शेवाळ धरतें, न्हाणीघर मागल्या दारीं आणि दिवा एकच, अशीं घरें आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.

सकाळीं उकड्या तांदळाची पेज आली. ज्यांस गिळण्यास त्रास होतो त्यांची पेज दाट ठेवितात, कारण पातळ पदार्थ घशांतून वेगानें उतरतो आणि श्वासनलिकेंत शिरण्याची भीति असते. रुग्णास ताठ बसवून, हनुवटी किंचित् खालीं करवून, अर्धा अर्धा चमचा द्यावयाचा. पहिला घोंट उतरल्याखेरीज दुसरा नाहीं. जेवणानंतर अर्धा तास आडवें करावयाचें नाहीं. एका आजींस जेवूं घालावयास चाळीस मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत आपल्यांतील कित्येक जण जेवून, हात धुऊन, सायकलीवर बसून शाळेंत पोंचले असतील.

आणखी एक गोष्ट तेथें आम्ही शिकलों. म्हाताऱ्या माणसास तहान कमी लागते, म्हणून पाणी मागितलें नाहीं तरी द्यावें लागतें. तसेंच आजार नेहमींच्या वेषांत येईल असा भरंवसा नसतो. लघवीच्या किंवा छातीच्या विकारांत ताप मुळींच न येतां माणूस एकाएकीं असंबद्ध बोलूं लागतो, किंवा निमूट पडून राहतो. काल आजोबा कसे होते हें ज्यास ठाऊक असेल त्यासच आजचा फरक कळतो. डॉक्टर येऊन जातात. काल आणि आज दोन्ही पाहणारा मनुष्य रात्रपाळीचाच.

दुसऱ्या रात्रीं दीडच्या सुमारास एक ऐंशीच्या घरांतील गृहस्थ उठले, उशीची खोळ काढून तींत धोतर भरलें आणि दाराशीं जाऊन उभे राहिले. त्यांचें तरुणपण मुंबईच्या गिरणींत गेलें होतें. मालवणच्या बंदरांत बोट लागत असे त्या काळांत ते होते. त्यांनीं विचारलें, "बोट इली काय गो?"

बाई म्हणाल्या, "अजून इली नाय, बाबानु. इली काय उठवतंय तुमका. तंवसर वायच पडा."

ते पडले. थोड्या वेळानें झोंपही लागली.

या विकारास डॉक्टर लोक स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वांत परिचित प्रकार ज्यांच्या नांवानें ओळखला जातो ते आलोइस आल्झायमर हे जर्मन वैद्य. त्यांनीं १९०६ सालीं अशा एका स्त्रीच्या मेंदूंतील बदलांचें वर्णन विद्वानांपुढें मांडलें. त्यांत नवी आठवण आधीं जाते, जुनी मागें राहते. म्हणून आजोबांना सकाळची पेज आठवत नाहीं, परंतु पन्नास वर्षांपूर्वींची बोट आठवते. "बोटी कधींच बंद झाल्या, तुम्ही आश्रमांत आहांत," असें त्यांस सांगितलें तर तें त्यांना पटत नाहीं. फक्त भय वाटतें, आणि भ्यालेला माणूस कधीं हातही उगारतो. वर्गांत आम्ही सत्य बोलण्याचे धडे देतों. बाईंचें तें उत्तर आम्हांस खोडून काढतां येईना.

हें सारें करणाऱ्यांच्या स्वतःच्या देहाचें काय होतें? पाठ दुखते, हें पहिलें. दिवसा घरीं झोंप पुरी होत नाहीं, हें दुसरें. तिसरें मात्र आम्हांस सुचलें नव्हतें. ज्या आजीचे केंस तीन वर्षें विंचरले ती जाते. तिला शेवटची आंघोळ याच घालतात, आणि आठवड्याच्या आंत त्या खाटेवर दुसरी आजी येते. बाई म्हणाल्या, "नातेवाईक येतात, नेतात. बाराव्याला आम्हांला कोण बोलावणार? आणि बोलावलं तरी रजा कुठली?" हें त्यांनीं तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं, म्हणूनच आमच्या अधिक लक्षांत राहिलें.

आईबापांच्या सेवेचें नांव निघालें कीं आपल्याकडे पुंडलिकाची कथा सांगतात. देव दारीं आला असतां त्यानें वीट फेंकली व सेवा संपेतों तींवर उभें राहावयास सांगितलें. कथा थोर आहे. परंतु विटेवरील देवाचें वर्णन करतांना आपण थकत नाहीं. आंत त्या वेळीं पुंडलिक नेमकें काय करीत होता, पाय चेपीत होता कीं अंथरूण धूत होता, याची फारशी चौकशी कोणी करीत नाहीं.

ख्रिस्ती जगांतही असेंच घडलें आहे. फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतांत सँ-सेर्व्हां गांवीं जान ज्युगां नांवाची एक मोलकरीण होती. १८३९ सालच्या हिवाळ्यांत तिनें एका आंधळ्या व पंगु झालेल्या विधवेस आपल्या खोलींत आणून स्वतःचा बिछाना दिला. पुढें दुसरी वृद्धा आली, तिसरी आली. जान हातांत टोपली घेऊन दारोदार त्यांच्यासाठीं मागूं लागली. त्यांतून गरिबांच्या लहान भगिनी हा संघ उभा राहिला. त्याचीं वृद्धगृहें पुढें देशोदेशीं निघालीं, आणि १८८२ सालीं कलकत्त्यासही त्याचें काम सुरू झालें. परंतु संघाचें श्रेय एका धर्मगुरूनें आपल्याकडे ओढलें आणि १८५२ सालीं जानला बाजूस सारण्यांत आलें. पुढील सत्तावीस वर्षें ती त्याच संघाच्या मठांत राहिली. हीच आपली संस्थापिका हें नव्यानें आलेल्या तरुण भगिनींस ठाऊकही नव्हतें. १८७९ सालीं ती वारली. सत्य पुढें उजेडांत आलें आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजीं रोम येथें तिला संतपद दिलें गेलें. पुण्याच्या नव्या पेठेंत 'निवारा' म्हणून जी संस्था आहे, तीही एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत डेव्हिड ससून यांच्या दानांतून उभी राहिली. दात्याचें नांव राहिलें, तें योग्यच. तेथें पहिल्या वर्षीं पंगूंस ज्यांनीं न्हाऊं घातलें त्यांचीं नांवें कोणास विचारावीं?

कायद्याचाही कल असाच दिसतो. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा जो कायदा २००७ सालीं झाला, त्यान्वयें मुलांकडून पोटगी मागतां येते. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असें एक गृह असावें, असेंही त्यांत म्हटलें आहे. मुलें मोजलीं, खाटा मोजल्या. खाटेपाशीं उभें राहणारें माणूस कसें असावें, किती शिकलेलें असावें, याचा विचार त्यांत फारसा नाहीं. २०१९ सालीं संसदेंत आलेल्या दुरुस्ती-विधेयकांत घरीं जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांची नोंदणी सुचविली होती. परंतु तें विधेयक कायद्याच्या पायरीपर्यंत पोंचलें नाहीं.

दुसरीकडे जर्मनींत वृद्धशुश्रूषेसाठीं १९९५ पासून, आणि जपानांत २००० पासून, सक्तीचा विमा आहे. जर्मनींत हा व्यवसाय शिकावयास तीन वर्षें लागतात व परीक्षा द्यावी लागते. तरीही तेथें माणसें पुरत नाहींत. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें त्या देशाच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यांत परिचर्या करणारेही आहेत. म्हणजे आपल्याकडील आई जें काम नोंदवहींत लिहूं देत नाहीं, त्यासाठीं परदेशांतून मागणी येते. गमतीची गोष्ट ही कीं, हें ऐकून त्या बाई फक्त एवढेंच म्हणाल्या, "तीन वर्षं शिकवतात? आम्हांला मामांनी आठ दिवसांत शिकवलं."

नाताळच्या सुटींत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस आम्ही त्या आश्रमांत नेणार आहों. ज्यांस यावयाचें त्यांस बाईंनीं सांगितलेल्या सूचना येथें देतों. नखें कापून यावें. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. चिवडा, करंज्या आणूं नयेत. मऊ केळीं चालतील, तीं मामांच्या हातांत द्यावीं. उभ्यानें बोलूं नये, खाटेशेजारीं बसून त्यांच्या डोळ्यांसमोर आपलें तोंड येईल असें बोलावें. "मला ओळखलंत का?" असें विचारूं नये, आपलें नांव व गांव आपणच आधीं सांगावें. गाणीं म्हणणार असाल तर एक गट म्हणून झाला कीं थांबावें, कारण दुपारीं दोन वाजतां कूस बदलावयाची असते आणि त्या वेळीं खोलींत मामांस वाट मोकळी लागते. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं एखाद्या वृद्धाची आबाळ होत असेल त्यांनीं ज्येष्ठांसाठीं असलेल्या १४५६७ या दूरध्वनि-क्रमांकावर कळवावें. त्यास पैसे पडत नाहींत. येणारांनीं आपलीं नांवें १५ डिसेंबरपूर्वीं वर्गशिक्षकांकडे द्यावीं.