पोट भरलेले, तरी हात डब्याकडे

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आहे, निकालाची तारीख जवळ आली आहे. जेवून तासही झालेला नाही, तरी हात खाऱ्या शेंगदाण्यांच्या डब्याकडे जातो. ही भूक आली कोठून?

खरे तर भीतीने भूक मरायला हवी. परीक्षेच्या दिवशी मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे आपण पाहतोच. अॅड्रिनॅलिन रक्तात आले की जठराचे काम मंदावते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते; मग भूक लागेलच कशाला? स्टॅन्ली शॅक्टर आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना विजेच्या धक्क्याची भीती घातली आणि चव सांगण्याच्या निमित्ताने पुढ्यात बिस्किटे ठेवली. बेताच्या वजनाच्या लोकांनी घाबरल्यावर कमी खाल्ले. लठ्ठ लोकांच्या खाण्यात फारसा फरक पडला नाही. लठ्ठ माणसांना पोटाची हाक ऐकूच येत नाही, असा अर्थ त्यावरून काढला गेला. पुढे तो जसाच्या तसा टिकला नाही. शिक्षकखोलीतले ‘जिभेवर ताबा नाही’ हे शेरे मात्र टिकून आहेत.

गठ्ठ्याचा ताण क्षणाचा नसतो, तो दिवसेंदिवस चालतो. अशा वेळी अधिवृक्क ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल चढे राहते आणि अनेकांची भूक वाढवते, तीही गोड-तेलकटाची. (काही जणांचे जेवण उलट तुटते.) मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले की, साखर व चरबी खाऊन ताणाची यंत्रणा थोडी शांत होते. म्हणजे भज्यांनी बरे वाटते हा निव्वळ भास नसावा. खरी अडचण तीच आहे. उपाय तात्पुरता लागू पडतो, म्हणून त्याची सवय जडते. त्यातच कॉर्टिसॉल आणि इन्शुलिन दोन्ही चढे असले, तर चरबी पोटाभोवती साठण्याकडे कल असतो.

तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० किलोकॅलरी असतात. तेवढी ऊर्जा खर्चायला साधारण पाऊण तास चालावे लागते, आणि गठ्ठा तर बसून तपासायचा!

भूक कोणती हे ओळखायची एक घरगुती खूण आहे. खऱ्या भुकेला सकाळची उरलेली पोळीही चालते, ताणाच्या भुकेला शेवच हवी असते. डबा उठून आणावा लागेल इतका लांब ठेवला, तरी बरेच साधते. मात्र पश्चात्तापाने रात्रीचे जेवण टाळू नये. दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यापुढे ताणाच्या जोडीला खरी भूकही येऊन बसते.